केरॅटोकोनस : उपचार एकदा, मोजमाप पुन्हा पुन्हा



पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या चष्म्याचा नंबर दर सहा-आठ महिन्यांनी बदलू लागला की घरात पहिले बोट मोबाईलकडे जाते. मग दुकानात जाऊन नवी काच बसवली जाते. काही महिन्यांनी पुन्हा तेच. दुकानदार ज्याला सिलिंडरचा नंबर म्हणतो, तो वाढतच राहतो. शेवटी काच कितीही बदलली तरी फळ्यावरची अक्षरे दुहेरी दिसतात आणि रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा पसरल्यासारखा दिसतो. अशा प्रत्येक मुलाला मोठा आजार असतो असे नाही. पण त्यातल्या काहींना केरॅटोकोनस असतो, आणि नुसता चष्म्याचा नंबर काढून तो सापडत नाही.

या आजारावर आता चांगला उपचार आहे. त्याला क्रॉस-लिंकिंग म्हणतात. पण आमच्या मते आपल्या भागात खरी अडचण उपचारापेक्षा मोजमापाची आहे. उपचाराआधी डोळा नीट आणि वेळेवर मोजला जात नाही. उपचारानंतर तर बरेच जण मोजायला जातच नाहीत. या दोन गोष्टींमुळे वाचू शकणारी नजर जाते. म्हणून आज मोजमापाबद्दलच सविस्तर लिहितो आहोत.

आजार नेमका काय आहे?

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला कॉर्निया म्हणतात. मधोमध त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. डॉक्टर ती मायक्रॉनमध्ये सांगतात. एक हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर, त्यामुळे रिपोर्टवर ५२०, ५४० असे आकडे दिसतात. केरॅटोकोनसमध्ये हा पडदा एका जागी पातळ आणि कमजोर होतो. डोळ्याच्या आतल्या दाबाने ती जागा पुढे फुगते आणि गोल पडद्याला शंकूसारखा आकार येतो. काचेचा आकार बिघडला की चित्र बिघडणारच.

आजार बहुधा किशोरवयात सुरू होतो, विशी-पंचविशीत वाढतो आणि पुढे बहुतेकांमध्ये स्थिरावतो. घरात एकाला असेल तर भावंडांनाही असू शकतो. डोळे सतत चोळण्याची सवय आजार वाढवते. ज्यांना ॲलर्जीमुळे डोळ्यांना खाज येते, त्यांना धोका जास्त. गोंदिया हा राईस मिलचा जिल्हा. कोंड्याची धूळ आणि उन्हाळ्यातला फुफाटा आपल्याकडे कमी नाही. ज्या मुलाचे डोळे उन्हाळाभर लाल असतात आणि हात सारखा डोळ्यांकडे जातो, त्याच्याकडे आईवडिलांनी लक्ष ठेवावे. खाजेसाठी औषध दुकानातून मनाने थेंब आणू नयेत. त्यात स्टेरॉइड असेल तर डोळ्याचा दाब वाढून वेगळेच संकट उभे राहते.

विदर्भातली एक मोजणी

हा शहरातल्या श्रीमंतांचा आजार आहे, असे कोणी समजत असेल तर नागपूरजवळच्या खेड्यांत झालेली एक मोठी पाहणी लक्षात घ्यावी. सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी या नावाने ती ओळखली जाते. तीस वर्षांवरील साडेचार हजारांहून अधिक ग्रामीण स्त्री-पुरुषांचे डोळे तिथे तपासले गेले. केरॅटोकोनसबद्दलचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

कॉर्नियाचा उंचवटा डायॉप्टर या मापात सांगतात. निरोगी डोळ्यात तो साधारण ४३-४४ असतो. आकडा जितका मोठा, तितका पडदा जास्त उंचावलेला. पाहणी करणाऱ्यांनी ४८ डायॉप्टर ही रेषा धरली, तेव्हा २.३ टक्के लोक तिच्या पलीकडे निघाले. रेषा ४९ वर नेली तर ०.६ टक्के राहिले. ५० वर नेली तर ०.१ टक्के. म्हणजे माणसे तीच आणि डोळे तेच, पण रेषा कुठे आखली यावर दर हजारी २३, ६ किंवा १ असा हिशेब बदलला.

४८ आणि ४९ डायॉप्टरमधला फरक पडद्याच्या वक्रतेच्या त्रिज्येत पाहिला तर जेमतेम ०.१४ मिलिमीटर भरतो. एवढ्या बारीक फरकावर आजारी कोण आणि निरोगी कोण हे ठरत असेल, तर मोजणारे यंत्र, मोजण्याची पद्धत आणि मोजणारा माणूस या तिन्ही गोष्टींना किती महत्त्व आहे हे वेगळे सांगायला नको.

या पाहणीच्या मर्यादाही समजून घेतल्या पाहिजेत. तिथे साध्या केरॅटोमीटरवर डोळ्याचा उंचवटा मोजला होता, कॉर्नियाचा पूर्ण नकाशा काढलेला नव्हता. काही निरोगी माणसांचा पडदा जन्मतःच थोडा उंच असतो. त्यामुळे ४८ च्या पलीकडचे सगळे रुग्णच होते असे म्हणता येत नाही. शिवाय पाहणी तीस वर्षांवरील लोकांची होती, आणि आजार सुरू होतो तो त्याच्या कितीतरी आधी. तरीही एवढे नक्की म्हणता येते की विदर्भातल्या खेड्यात हा प्रश्न नाही असे समजून चालणार नाही.

उपचाराआधी : एक रिपोर्ट पुरत नाही

क्रॉस-लिंकिंगचा हेतू आजार थांबवणे हा आहे. म्हणून डॉक्टर आधी विचारतात की आजार वाढतो आहे का. याचे उत्तर एका रिपोर्टवरून सहसा मिळत नाही. आधीचा एक आणि आजचा एक असे दोन रिपोर्ट शेजारी ठेवावे लागतात. वर्षभरात सर्वांत उंच बिंदूचा आकडा एक डायॉप्टर किंवा अधिक वाढला तर आजार वाढतो आहे, असे बरेच डॉक्टर धरतात. हा आकडा रिपोर्टवर के-मॅक्स या नावाने असतो. २०१५ मध्ये जगभरातल्या कॉर्नियातज्ज्ञांनी एकत्र येऊन मत दिले, ते असे की पडद्याची पुढची बाजू उंचावणे, मागची बाजू उंचावणे आणि पडदा पातळ होणे, या तीनपैकी किमान दोन गोष्टी दिसल्या तर आजार वाढतो आहे असे समजावे.

यातली अडचण अशी की यंत्रालाही चूक होते. डोळा कोरडा असला, पापणी अर्धी मिटली, नजर किंचित हलली, तरी आकडा बदलतो. आणि आजार जितका वाढलेला, तितकी मापातली ही हेलकावणी मोठी. खूप फुगलेल्या कॉर्नियात एकाच दिवशी, एकाच यंत्रावर दोनदा मोजले तरी एकापेक्षा जास्त डायॉप्टरचा फरक येऊ शकतो. म्हणून चांगला तंत्रज्ञ दोन-तीन वेळा मोजतो आणि बिघडलेले चित्र बाजूला टाकतो.

दुसरी अडचण कॉन्टॅक्ट लेन्सची. लेन्स घातल्याने पडद्याचा आकार तात्पुरता बदलतो. मोजायच्या आधी काही दिवस, कडक लेन्स असेल तर काही आठवडे, ती काढून ठेवावी लागते. नेमके किती दिवस हे डॉक्टरांना आधीच विचारावे. नाहीतर नागपूरला जाऊन परत पाठवले जाते, मजुरी बुडते आणि मुलगा कंटाळतो.

लहान वयात मात्र वाट पाहत बसणे बरे नाही. बारा-चौदा वर्षांच्या मुलात आजार झपाट्याने वाढू शकतो. निदान पक्के असेल तर दुसऱ्या रिपोर्टसाठी न थांबता उपचार करावा, असे अनेक तज्ज्ञ मानतात. अशा वेळी पालकांनी "पुढच्या वर्षी बघू" म्हणू नये.

चारशे मायक्रॉनचा हिशेब

क्रॉस-लिंकिंगचा पहिला मोठा अनुभव जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातून आला. तिथल्या डॉक्टरांनी २००३ मध्ये २२ रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. पद्धत ऐकायला साधी आहे. डोळा बधिर करून कॉर्नियाची वरची पातळ साल काढतात. रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे थेंब पडद्यात मुरू देतात. मग ठरावीक अतिनील किरण सोडतात. मूळ पद्धतीत हे तीस मिनिटे चालते, हल्ली कमी वेळाच्या पद्धतीही आहेत. त्यामुळे पडद्यातल्या तंतूंमध्ये नवे सांधे तयार होऊन तो घट्ट होतो. लोक याला लेझर म्हणतात, पण हे चष्मा घालवायचे लेझर नव्हे. यानंतरही चष्मा किंवा लेन्स लागतेच. आहे ती नजर टिकावी यासाठी हा उपचार आहे.

इथे जाडीचे माप सर्वांत महत्त्वाचे. पडद्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एक थर असतो, तो गेला तर पुन्हा तयार होत नाही. किरण तिथपर्यंत पोचू नयेत म्हणून साल काढल्यावर पडदा किमान ४०० मायक्रॉन जाड असावा, हा मूळ पद्धतीचा नियम आहे. साल साधारण ५० मायक्रॉनची असते. रिपोर्टवर सर्वांत पातळ जागा ४४० दिसली तर साल काढल्यावर ३९० उरतात. म्हणजे नेहमीच्या पद्धतीने उपचार करता येत नाही, पडदा फुगवणारे वेगळे थेंब वापरणे असा दुसरा मार्ग शोधावा लागतो. वीस मायक्रॉनची चूक म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. तेवढ्यावर उपचाराची पद्धत ठरते. आणि उशीर करणाऱ्याच्या डोळ्यातले हे मायक्रॉन महिन्यागणिक कमी होत असतात.

उपचारानंतर : आकडे आधी बिघडतात, मग सुधारतात

आमच्या मते सर्वांत जास्त गैरसमज इथे आहेत. उपचार झाला, चार-पाच दिवसांत पट्टीसारखी लावलेली लेन्स निघाली, डोळ्याची आग थांबली, की घरचे समजतात काम झाले. काही जण पहिल्या महिन्यात मोजायला जातात आणि आकडा आधीपेक्षा वाढलेला पाहून हादरतात. "डॉक्टरने डोळा बिघडवला" अशी बोलवा वस्तीत होते आणि पुढची मुले उपचाराला घाबरतात.

खरे तर हे अपेक्षितच असते. पहिल्या महिन्यात उंचवटा थोडा वाढलेला दिसू शकतो. जाडीही पहिल्या एक ते तीन महिन्यांत कमी भरते. तीन महिन्यांनंतर पडदा हळूहळू बसू लागतो. वर्षअखेर बऱ्याच जणांचा के-मॅक्स एक-दोन डायॉप्टरने उतरतो किंवा आहे तिथे थांबतो, आणि जाडी बरीचशी पूर्ववत होते.

यात यंत्राचाही दोष मिसळतो. उपचारानंतर काही महिने पडद्यात हलके धुके राहते. प्रकाशाच्या साह्याने मोजणारे काही कॅमेरे या धुक्यामुळे जाडी प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतात. ध्वनिलहरींच्या यंत्रावर तोच पडदा जाड भरू शकतो. म्हणजे उपचाराआधी एका यंत्रावर आणि उपचारानंतर दुसऱ्या यंत्रावर मोजले, तर दोन आकड्यांतला फरक डोळ्यातला की यंत्रांतला हे कळत नाही. म्हणून शक्य तोवर त्याच यंत्रावर मोजावे. ते जमले नाही तर कोणत्या यंत्रावर मोजले हे रिपोर्टवर असले पाहिजे.

पहिला, तिसरा, सहावा आणि बारावा महिना, आणि नंतर दरवर्षी, असा तपासणीचा साधारण क्रम असतो. पहिल्या महिन्याचा आकडा पाहून घाबरू नये आणि वर्षाचा आकडा पाहिल्याशिवाय निर्धास्त होऊ नये. थोड्या रुग्णांमध्ये, विशेषतः लहान मुलांमध्ये, उपचारानंतरही आजार पुढे सरकतो. ते वेळेत कळले तर पुन्हा उपचार करता येतो. कळलेच नाही तर शेवटी कॉर्निया बदलण्याची वेळ येते. त्यासाठी कोणाचे तरी नेत्रदान लागते, आणि नंतर वर्षानुवर्षे औषध आणि तपासण्या आल्याच.

मग लोक जात का नाहीत?

याचे उत्तर अज्ञान एवढेच नाही. कुडव्याहून मोठ्या तपासणीसाठी नागपूर गाठायचे म्हणजे गोंदिया स्टेशनवरून रेल्वेने सव्वाशे किलोमीटरहून जास्त प्रवास. मुलासोबत मोठे माणूस हवे. मिलमध्ये किंवा बांधकामावर हजेरीने काम करणाऱ्या बापाचा एक दिवस जातो, कधी दोन. उपचारासाठी घर उधार-उसनवार करते, पण दहा मिनिटांच्या तपासणीसाठी वर्षातून चार वेळा तोच खर्च करणे जड जाते. त्यातून डोळ्याला काही त्रास जाणवत नसेल तर आणखीनच. म्हणून "लोक बेफिकीर आहेत" हे उत्तर आम्हाला मान्य नाही. तपासणी घराजवळ आली तर लोक जातील.

यावर कोणी म्हणेल की सरकारी दवाखान्यात आधी मोतीबिंदू पाहावा, हा आजार थोड्यांचा आणि यंत्र महागडे. मोतीबिंदूचे काम मोठे आहे, यात वाद नाही. पण मोतीबिंदू उशिरा काढला तरी बहुतेकांची नजर परत येते. केरॅटोकोनसमध्ये गेलेला आकार परत मिळत नाही. आणि तो गाठतो ते दहावी-बारावीच्या वयात, भरतीच्या वयात, लायसन्स काढण्याच्या वयात. एका घरातून पहिल्यांदा कॉलेजात गेलेल्या मुलीची नजर गेली तर त्या घराची पुढची दहा-वीस वर्षे बदलतात. शिवाय कॉर्नियाचा नकाशा काढणारे यंत्र या एकाच आजाराला लागते असे नाही. मोतीबिंदूची लेन्स ठरवताना आणि डोळ्याला इजा झाल्यावरही ते उपयोगी पडते.

आमच्या मागण्या

गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये सुरू झाले. त्याच्या नव्या इमारतीची पायाभरणी फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली आणि ते संकुल आपल्या कुडव्यात होत आहे. तिथल्या नेत्रविभागात कॉर्नियाचा नकाशा काढणारे यंत्र हवे, ते चालवणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ कायम नेमलेला हवा आणि यंत्राच्या दुरुस्तीची तरतूद हवी. नुसते यंत्र घेऊन ते कापडाखाली झाकून ठेवण्यात अर्थ नाही. उपचार नागपूरला झाला तरी नंतरची मोजमापे कुडव्यात व्हावीत आणि आकडे नागपूरच्या डॉक्टरांना पाठवण्याची सोय असावी.

दुसरी मागणी शाळांसाठी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्याचे पथक शाळांत येऊन मुलांची नजर तपासते. ज्या मुलाचा सिलिंडरचा नंबर वर्षभरात बराच वाढला किंवा ज्याला चष्मा लावूनही पूर्ण दिसत नाही, त्याला पुन्हा चष्म्याकडे न धाडता कॉर्नियाच्या तपासणीला पाठवावे. पहिल्या चाळणीसाठी महागडे यंत्रही लागत नाही. रेटिनोस्कोपने पाहताना डोळ्यात कात्रीसारखी हलणारी सावली दिसली की जाणकार नेत्रतपासनीस सावध होतो. काळ्या-पांढऱ्या वर्तुळांची प्लासिडोची तबकडी तर १८८० च्या सुमारास पोर्तुगालच्या एका डॉक्टरने तयार केली. कॉर्नियावर तिचे प्रतिबिंब पाहतात. वर्तुळे गोल दिसली तर ठीक, अंड्यासारखी वाकडी दिसली तर पुढे तपासायचे. ही दोन्ही साधने प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असायला हवीत.

घरी काय करावे?

मुलाच्या प्रत्येक तपासणीचा कागद एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावावा. जुने चष्म्याचे नंबरही फेकू नयेत, आजार कधीपासून वाढला हे त्यावरून कळते. रिपोर्टवरचे दोन आकडे ओळखायला शिकावे. एक के-मॅक्स, म्हणजे सर्वांत उंच बिंदू. दुसरा सर्वांत पातळ जागेची जाडी. दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहावेत आणि शेजारी यंत्राचे नाव लिहावे. दहावीतली मुलगी हे काम सहज करील.

नकाशाची रंगीत प्रत मागून घ्यावी. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे रुग्णाने मागितल्यास कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. हा उपकार नाही, हक्क आहे. खर्चाचा प्रश्न असेल तर उपचार ठरण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारावे. एकाला आजार निघाला तर त्याच्या भावंडांचेही डोळे तपासून घ्यावेत. आणि डोळे चोळू नयेत. खाज आली तर बंद डोळ्यांवर गार पाण्याची पट्टी ठेवावी.

विहारात रविवारी लोक जमतात, तिथे या विषयावर अर्धा तास काढता येईल. आपापल्या वस्तीत ज्यांचा हा उपचार झाला आहे, त्यांना एवढेच विचारावे की शेवटचे मोजमाप कधी झाले. वर्ष उलटून गेले असेल तर पुढच्या खेपेला त्यांच्यासोबत कोणी तरी जावे. एका फेरीत तीन-चार मुलांना नेता आले तर एकाच मोठ्या माणसाची मजुरी बुडेल, आणि ती सगळ्यांनी मिळून भरून देता येईल.